पोत्यातलं सोयाबीन जिवंत होतं का? मंगरूळपीरकडची एक केस

सोयाबीन उगवलं नाही की आमच्याकडे आधी कृषी केंद्रवाल्याला शिव्या पडतात, मग पावसाला, आणि बी घरचंच असलं तर कोणाला द्यायच्या हे कळत नाही म्हणून ट्रॅक्टरवाल्याला. ही केस घरच्याच बियाण्याची आहे. वाशिम जिल्हा, मंगरूळपीरच्या बाजूचं गाव, काळी भारी जमीन. कास्तकाराचं नाव लिहीत नाही, गावात सगळे त्याला भाऊ म्हणतात, मीही तेच म्हणतो. त्याची पोरगी आमच्या शाळेत दहावीला आणि मी तिथं विज्ञान शिकवतो, म्हणून हे प्रकरण माझ्यापर्यंत आलं. नाहीतर उगवण फसल्याच्या गोष्टी दर जूनमध्ये पानठेल्यावर ऐकायला भेटतातच, त्यात नवीन काही नसतं.

भाऊनं चार एकरात सोयाबीन पेरलं, मधे तुरीची तासं, म्हणजे ओळी. तीन एकरात घरचं बी आणि एका एकरात कृषी केंद्रातून आणलेली बॅग, कारण घरचं जरा कमी पडलं होतं. पेरणी एकाच दिवशी, एकाच ट्रॅक्टरच्या पेरणी यंत्रानं, तोच ड्रायव्हर. पाऊस पण नीट झालेला, ७५ ते १०० मिलिमीटर पडल्याशिवाय पेरू नका म्हणून कृषी सहायक दरवर्षी बोंबलून सांगतात, भाऊनं ते ऐकलं होतं. आठवड्यानं पाहिलं तर बॅगवाला एकर ओळीनं हिरवा, तूर वर आलेली, आणि घरच्या बियाच्या तीन एकरात तुटाळच तुटाळ. कुठं हातभर जागेत पाच-सहा झाडं, कुठं दोन-दोन पावलं काहीच नाही.

लोक जमले आणि निदान सुरू झालं. कोणी म्हणे खोल पडलं. कोणी म्हणे पेरल्यावर चिपडी धरली, म्हणजे मातीचा वरचा थर कडक झाला, मान वर निघाली नाही. एक जण म्हणे थायरम (बियाला चोळायचं बुरशीनाशक) जास्त चोळलं, बी जळलं. शेजारचे काकाजी म्हणाले, "अरे बाप्पा, बी थंडं झालं हाये, त्याच्यात जीवच नाही राह्यला." काकाजींचं बोलणं सगळ्यात जवळ गेलं होतं, पण ते सगळ्याच गोष्टींना थंडं झालं म्हणतात म्हणून कोणी लक्ष दिलं नाही.

आता यातली बरीच कारणं धुऱ्यावर, म्हणजे बांधावर उभं राहूनच बाद करता येतात आणि ते करायला पायजे होतं आधी. खोल पडलं असतं तर बॅगवालं पण खोलच पडलं असतं, यंत्र तेच. थायरमचं पण तेच, दोन्ही बियाणं एकाच ताडपत्रीवर एकाच डब्यातून चोळलं होतं, किलोला तीन ग्रॅमच्या हिशोबानं. चिपडीचा मुद्दा मात्र खरा असू शकतो म्हणून तो जरा सांगतो. सोयाबीन उगवताना आपल्या दोन्ही डाळिंब्या डोक्यावर घेऊन वर येतं, मान वाकवून माती फोडतं, म्हणून त्याला तीन-चार सेंटिमीटरच्या खाली टाकायचं नाही आणि वरचा थर कडक झाला की मान मोडते. तूर तसं करत नाही. तिच्या डाळिंब्या खालीच राहतात आणि नुसता कोंब वर येतो, म्हणून चिपडीतूनही ती बऱ्यापैकी निघते. पण मग चिपडी काय भाऊच्या तीन एकरापुरतीच धरली आणि बॅगवाला एकर सोडून दिला? वावर एकच, मधे धुराही नाही. म्हणजे गडबड बियातच होती.

मग उकरून पाहिलं. जिथं काही उगवलं नव्हतं तिथलं तास खुरप्यानं हळूहळू मोकळं केलं. बी होतं, पक्ष्यांनी नेलं नव्हतं, मुंग्यांनीही नाही. काही दाणे फुगलेले पण मोड नाही, दाबले की पचकन लगदा. काहींवर पांढरी बुरशी. काहींना मोड निघाला होता पण वेडावाकडा, मूळ आखूड आणि टोकाला तपकिरी. थोडे असे होते की एक डाळिंबी चांगली आणि दुसरीवर डाग. भाऊची पोरगी सोबत होती, तिनं विचारलं, "सर, हे पोत्यात होतं तेव्हा जिवंत होतं का? होतं तर मेलं कधी?"

हा प्रश्न मला सगळ्या प्रकरणात मोलाचा वाटतो. कारण शाळेत आपण सजीवांची लक्षणं एका दमात पाठ करून घेतो, पोषण, श्वसन, उत्सर्जन, वाढ, हालचाल, चेतनाक्षमता, प्रजनन, आणि पोत्यातल्या सोयाबीनला ही यादी लावली तर ते जवळपास नापासच होतं. वाढत नाही, हलत नाही, टोचलं तर काही म्हणत नाही, बाहेरून काही खात नाही. त्या यादीनं पोतं आणि पोत्याखालचा दगड सारखेच. आणि तरी त्याच पोत्यातला एक दाणा ओल भेटली की चार दिवसात मूळ सोडतो आणि दगड सोडत नाही. यादी चुकीची नाही, पण ती चालतं-फिरतं ढोर डोळ्यासमोर ठेवून बनवल्यासारखी आहे.

बियात काय चालतं ते आधी सांगतो, मग पोत्यांकडे येऊ. सोयाबीनच्या दाण्यात साधारण ४० टक्के प्रथिनं आणि २० टक्के तेल, हा त्याचा डबा. तो डबा फोडून ऊर्जा काढायची, त्याला ऑक्सिजन लागतो, कार्बन डायऑक्साइड आणि पाणी बाहेर पडतं, थोडी उष्णता पण. आपल्या पेशीत, बैलाच्या पेशीत, पिठात टाकलेल्या यीस्टमध्ये हवा असली तर हाच हिशोब चालतो आणि सगळ्यांचं चलन एकच, एटीपी नावाचा ऊर्जा वाहणारा रेणू. दहावीच्या पुस्तकात जीवनप्रक्रियांच्या धड्यात ग्लायकोलिसिस, क्रेब्ज चक्र म्हणून जे येतं ते हेच, पोरं ते आकृतीसाठी पाठ करतात आणि ते आपल्या कोठीतल्या पोत्यात चालू असतं हे त्यांना कोणी सांगत नाही. फरक फक्त वेगाचा. दाण्यात ओलावा दहा-बारा टक्क्यांवर असला की श्वसन इतकं मंद की घरी कळणारच नाही. चौदा-पंधराच्या वर गेला की ते झपाट्यानं वाढतं, आणि बियासोबत त्याच्यावरची बुरशी पण श्वास घ्यायला लागते. ओली गंजी, म्हणजे सोंगलेल्या पिकाचा ढीग, हात घालून पाहिली की आतून गरम लागते ती याच्यामुळेच, उन्हामुळे नाही. जुन्या वाड्यांत जमिनीखाली धान्याचं पेव असायचं, ते उघडलं की माणूस लगेच आत उतरायचा नाही, आधी कंदील सोडून पाहायचे, विझला तर थांबायचं. आतलं धान्य आणि त्याच्यावरचे किडे-बुरशी यांनी मिळून ऑक्सिजन संपवलेला असायचा. म्हणजे धान्य श्वास घेतं हे आपल्या म्हाताऱ्यांना माहीतच होतं, फक्त वहीत लिहिलं नव्हतं.

आता पोती. भाऊच्या नशिबानं, किंवा केस लिहिणाऱ्याच्या नशिबानं म्हणा, घरचं बी तीन प्रकारचं निघालं आणि प्रत्येकातलं थोडं-थोडं शिल्लक होतं. जात एक, वावर एक, पेरणी एक. पहिल्या प्रकारचं बी परतीचा पाऊस यायच्या आधी सोंगून मळून झालेलं आणि टिनाच्या शेडमध्ये ठेवलेलं. दुसऱ्याची गंजी वावरातच होती आणि तिला पाऊस लागला, वर ताडपत्री होती पण खालून पाणी शिरलं, नंतर वाळवून मळलं आणि तेही त्याच शेडमध्ये गेलं. तिसरं म्हणजे पहिल्यातलंच एक लहान पोतं जे भाऊच्या मायनं बाजूला काढून मातीच्या भिंतीच्या आतल्या खोलीत लाकडी माच्यावर ठेवलं होतं, का तर म्हणे "पोट्टे सगळं इकून टाकतीन, थोडं बियाले राहू द्या." पेरलेल्या तीन एकरात पहिलं आणि दुसरं मिसळून गेलं होतं. मायच्या पोत्याला कोणी हात लावला नव्हता.

तर पोरांनी शाळेत उगवण चाचणी लावली. यात काहीच अवघड नाही, दरवर्षी मे महिन्यात गावोगाव सांगतात आणि दरवर्षी मोजके लोक करतात: न निवडता हाताला येतील तसे शंभर दाणे मोजायचे, ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत मांडायचे, वरून दुसरं ओलं गोणपाट, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, रोज पाणी शिंपडायचं पण डबडब नाही, आणि सहा-सात दिवसांनी ज्यांना सरळ धड मूळ आणि कोंब आहे तेवढेच मोजायचे. इथं लोक फसवतात स्वतःला. थोडं टोक निघालेलं, वाकडं, तपकिरी, सगळं मोजतात आणि म्हणतात नव्वद टक्के आहे. मायच्या पोत्यातले ऐंशीच्या आसपास धड निघाले. शेडमधले पावसाआधीचे साठच्या खाली. आणि पाऊस लागलेले पंचवीसपर्यंत कसेबसे गेले, त्या गुंडाळीला वास पण येत होता.

सोयाबीनला बीज प्रमाणीकरणात किमान उगवण ७० टक्के धरतात. गव्हाला ८५, हरभऱ्याला ८५, आणि सोयाबीनला ७०. सरकारनं पण मान्य केलेलं आहे की हे बी नाजूक आहे. वरचं टरफल पातळ, मूळ निघायची जागा अगदी टरफलाखालीच, पोतं आपटलं तरी इजा होते, आणि आत तेल. तेल हवेनं खवट होतं हे आपल्याला माहीत आहे. दाण्यातल्या तेलातही तेच होतं आणि पेशीभोवतीचं जे पातळ आवरण असतं तेही चरबीचंच असल्यामुळे तेही बिघडतं. असं बी भिजलं की आवरणं परत जुळत नाहीत, आतली साखर आणि क्षार पाण्यात गळतात. आम्ही तिन्हीचे मूठ-मूठ दाणे वेगवेगळ्या ग्लासात भिजवून ठेवले तर पाऊस लागलेल्याचं पाणी सकाळपर्यंत पिवळट गढूळ आणि मायच्याचं बऱ्यापैकी स्वच्छ. प्रयोगशाळेत हेच विद्युतवाहकता मोजून पाहतात. मातीत अशी गळलेली साखर म्हणजे बुरशीला आवतणच, म्हणून वावरात उकरलेले दाणे लगदा झाले होते. बुरशीनं बी मारलं असं म्हणणं अर्धवट आहे, ते आधीच मरायला टेकलेलं होतं.

आता श्वसनाचा प्रयोग, कारण पोरांना आकड्यांपेक्षा याच्यातच मजा आली. दोन बरण्या, एकीत मायच्या पोत्यातले भिजवलेले दाणे, दुसरीत तेच दाणे पण उकळून गार केलेले, दोन्हीत चुन्याच्या निवळीची लहान वाटी ठेवून झाकण घट्ट. श्वसनातला कार्बन डायऑक्साइड लागला की निवळी दुधाळ होते. दुसऱ्या दिवशी जिवंत दाण्यांच्या बरणीतली निवळी दुधाळ, उकळलेल्यांची स्वच्छ. सगळे खुश. पण बरण्या तशाच राहिल्या आणि दोन-तीन दिवसांनी उकळलेल्या बरणीतली निवळी पण दुधाळ! पोरं म्हणाली प्रयोग फसला. फसला कुठं, नीट पाहा म्हटलं, उकळलेल्या दाण्यांवर कापसासारखी बुरशी चढली होती. बी मेलेलं, पण त्याचा डबा भरलेलाच, आणि तो दुसरं कोणीतरी खात होतं, श्वास घेत होतं, वाढत होतं. पोरगी म्हणाली, म्हणजे गंजी गरम लागायची ती अशीच. हो, तशीच. पुस्तकात या प्रयोगाच्या वेळी बियांना जंतुनाशक लावायला सांगतात ते याच्यासाठी, पण न लावलं तर जास्त शिकायला भेटतं असं माझं मत झालं आहे.

तर मेलं कधी? पेरल्यावर नाही, हे नक्की. आणि एका दिवशीही नाही. पाऊस लागलेल्या बियाचं बरंचसं ऑक्टोबरातच ठरलं होतं, गंजीत ओलावा वाढला, श्वसन वाढलं, डबा आतून खर्च झाला, बुरशी शिरली, मग वाळवलं तेव्हा वरून दाणा चांगला दिसायला लागला. इथंच सगळे फसतात. दाणा चमकतो, दाताखाली कट्ट वाजतो, बाजारात भाव भेटतो, पण आतला गर्भ अर्धा गेलेला असतो. हे भाऊचंच नाही, २०१९ च्या ऑक्टोबरात परतीच्या पावसानं सोयाबीन भिजलं आणि २०२० च्या खरिपात राज्यभर उगवणीच्या तक्रारी झाल्या, त्यात कंपन्यांचं बियाणं पण होतं.

शेडमधल्या पावसाआधीच्या बियाचं मरण हळू होतं. बियाणं साठवणाऱ्यांत हॅरिंग्टनचा म्हणून एक ढोबळ नियम चालतो: दाण्यातला ओलावा एक टक्का कमी केला की आयुष्य दुप्पट, आणि साठवायचं तापमान पाच अंशानं उतरवलं की परत दुप्पट. आता आमच्याकडचा मे महिना धरा, बाहेर ४४-४५ अंश, टिनाखाली त्याच्याही वर, आणि मायची मातीच्या भिंतीची खोली. समजा दहाच अंशाचा फरक, तरी नियमानं शेडमधल्या बियाचं आयुष्य चौथाई. वर आणखी शेडमध्ये पोती सिमेंटच्या फरशीवर, भिंतीला टेकून, बाजूला युरियाच्या बॅगा, आणि थप्पी छातीच्या वर. खालच्या पोत्याला ओल धरते आणि वजनानं दाणे चेपतात. माच्यावर एकच पोतं, खालून-वरून हवा.

याच्या उलट टोकाची गोष्ट पोरांना सांगितली तेव्हा विश्वास बसला नाही. इस्राएलमध्ये मसादा किल्ल्यात सापडलेलं खजुराचं सुमारे २००० वर्षं जुनं बी २००५ मध्ये लावलं आणि उगवलं. एवढी वर्षं ते आपल्यासारखा श्वास घेत बसलं असतं तर डबा केव्हाच संपला असता. ते इतकं कोरडं होतं की आतलं जवळपास सगळं थांबल्यात जमा होतं, पण मोडलेलं नव्हतं. म्हणून त्या पोरीला मी जे उत्तर दिलं ते असं की बियाच्या बाबतीत जिवंत म्हणजे आत सगळं जोरात चालू असणं असं समजू नको, ओल भेटल्यावर परत चालू होण्याइतकं सगळं जागच्या जागी शाबूत असणं असं समज. तुमच्या शेडमधल्या पोत्यात उलटं झालं, जेवढं चालू व्हायला नको होतं तेवढं अवेळी चालू झालं. ती म्हणाली मग हे यादीत कुठं बसतं. कुठंच बसत नाही, परीक्षेत यादीच लिही म्हटलं, मार्क त्याचेच आहेत.

प्रयोगशाळेत बी जिवंत आहे का हे उगवण्याची वाट न पाहता पण कळतं. टेट्राझोलियम नावाचं रंगहीन द्रावण असतं, भिजवलेला दाणा त्यात ठेवला की जिथल्या पेशी श्वसन करून राहिल्या तिथं लाल रंग धरतो आणि मेलेला भाग पांढराच राहतो. दाण्याचा कोणता तुकडा मेला ते नकाशासारखं दिसतं. राज्याच्या बीज परीक्षण प्रयोगशाळा पुणे, परभणी आणि नागपूरला आहेत. भाऊला नमुना पाठवायची गरज राहिली नव्हती, गोणपाटानं सांगायचं ते सांगितलं होतं.

पुढं काय झालं ते थोडक्यात. तीन एकरातला जो निम्म्याच्या वर भाग जरा बरा होता तिथं मोडलं नाही, मायच्या पोत्यातलं बी तुटाळीत टोबलं, मोठ्या माणसांनी कमी आणि घरच्या बायांनी जास्त, हे पण लिहून ठेवतो. बाकी एकरभरात वखर मारून दुबार पेरणी, विकतची बॅग आणून, जुलैच्या पहिल्या आठवड्यात, म्हणजे उशीर झाला पण हातचं गेलं नाही. खर्च दुप्पट झाला तो झालाच. घरचं बी म्हणून तक्रार करायलाही जागा नव्हती. औषध न चोळलेलं जे खराब बी उरलं होतं ते भाऊनं बाजार समितीत विकलं आणि चांगला भाव भेटला, कारण तेल काढणाऱ्याला गर्भ जिवंत आहे का मेला याचं काही पडलेलं नसतं.

एक गोष्ट या केसमध्ये सुटत नाही ती सांगून टाकतो. शेडमधलं आणि मायचं बी यात फरक फक्त जागेचा होता असं मी वर मांडलं, पण तसं पूर्ण नाही. शेडमधली पोती ट्रॉलीतून खाली फेकली होती, मायचं पोतं दोघींनी उचलून नेलं होतं. सोयाबीनला मारही लागतो, त्यामुळं साठच्या खाली जे आलं त्यात टिनाचा वाटा किती आणि आपटण्याचा किती हे वेगळं काढता येत नाही. भाऊनं मात्र वाटा काढायची वाट पाहिली नाही. या वर्षी बियाचं सोयाबीन आधी सोंगलं, मळणीला ड्रमचा वेग कमी ठेवला, ताडपत्रीवर पातळ पसरून वाळवलं, आणि सगळी पोती मायच्या खोलीत गेली, एकावर एक चारच. माय म्हणे, "आता मी झोपू कुठी?" त्यावर अजून घरात तोडगा निघालेला नाही. मे महिन्यात शंभर दाणे पोरगीच लावणार आहे, आणि साठ आले तर एकरी तीस किलोच्या जागी पस्तीस टाकायचं, त्याच्याही खाली गेलं तर ते बी म्हणून वापरायचंच नाही असं तिनं बापाकडून आत्ताच कबूल करून घेतलं.